शाल, श्रीफळ आणि एक जिवंत लेखक

आमच्या शाळेतल्या मुलांचा ठाम समज आहे, की लेखक हा मेलेला असतो. समज अगदीच बिनबुडाचा नाही. पाठ्यपुस्तकात धड्यासोबत लेखकाचं नाव येतं, नावाशेजारी कंस, कंसात जन्मसाल, मग आडवी रेघ आणि मृत्युसाल. एखाद्या कवीच्या कंसात एकच साल असलं, तर मुलांना ती छपाईची चूक वाटते. सहावीतल्या एकाने निळ्या पेनाने ते दुसरं साल स्वतःच भरून टाकलं होतं. मी म्हटलं, "अरे, हे हयात आहेत." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मग पुस्तकात कसे आले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून वाङ्मय मंडळाच्या सभेत मी ठराव मांडला, की यंदा शाळेत एक जिवंत बालसाहित्यिक आणावा. इतिवृत्त लिहिताना त्यातला 'जिवंत' हा शब्द गाळण्यात आला.

आमची शाळा तालुक्याच्या गावातली, अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. अशा शाळेला पाहुण्यांचं अप्रूप नसतं. वाहतूक पोलीस येतात, दातांचे डॉक्टर येतात, बँकेचे शाखाधिकारी बचतीचं महत्त्व सांगून जातात आणि सर्पमित्र तर नागासकट येतात. या सगळ्यांत मुलांच्या मनात पहिला नंबर अर्थातच सर्पमित्राचा. लेखकाची लढत त्याच्याशी असते, हे बोलावणाऱ्याने आधीच लक्षात घेतलेलं बरं.

तर सभेत पहिला प्रश्न आला, बोलवायचं कोणाला? हेडसर म्हणाले, "साने गुरुजींच्या तोडीचं कोणीतरी पाहा." सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींचं नाव निघालं की आमच्याकडे चर्चा थांबते आणि माना सुरू होतात. मी मनात म्हटलं, गुरुजींना शाळेत बोलवावं लागतच नव्हतं, ते शाळेतच होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, वसतिगृह सांभाळायचे आणि तिथल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक, रोजचं! आमचं भित्तिपत्रक स्वातंत्र्यदिनाला लागतं, ते थेट प्रजासत्ताक दिनाला खाली उतरतं, आणि तेही पुष्कळदा वरचं शीर्षक बदलून पुन्हा चढवण्यासाठी.

आमच्या सगळ्यांत तरुण मॅडम उत्साहाने म्हणाल्या, "सर, फास्टर फेणेवाले भा. रा. भागवत मिळतील का? मी परवाच त्यांना सिनेमात पाहिलं." पर्यवेक्षकांनी खुलासा केला, की भागवत २००१ सालीच गेले आणि २०१७ च्या त्या सिनेमात भागवतांचं काम दिलीप प्रभावळकरांनी केलं होतं. "मग प्रभावळकर?" मॅडम हटेनात. कल्पना खरं तर चोख होती. 'बोक्या सातबंडे' लिहिणारे प्रभावळकर स्वतःच बालसाहित्यिक आहेत, साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०११ मध्ये मिळालेला आहे. म्हणजे एका मानधनात दोन लेखक. पण 'मानधन' हा शब्द उच्चारताच संस्थेचे सचिव पहिल्यांदाच सावरून बसले आणि आपण जिल्ह्याच्या बाहेर जाऊ नये, असं ठरलं.

मग मी एका लेखिकाबाईंचं नाव सुचवलं. त्यावर पर्यवेक्षकांनी विचारलं, "मोठ्यांसाठी काही लिहिलंय का त्यांनी?" हा प्रश्न प्रत्येक सभेत कोणीतरी विचारतंच. मराठीत मुलांसाठी लिहिणं काही काल सुरू झालेलं नाही. विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' मासिक काढलं ते १८८१ साली. ज्ञानपीठ मिळालेल्या विंदा करंदीकरांनी 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश' अशी मुलांच्या कवितांची रांगच लावली. त्यामुळे त्यांच्या ज्ञानपीठाला काही कमीपणा आल्याचं ऐकिवात नाही. तरीही आपल्याकडे बालसाहित्यिक म्हणजे शिकाऊ लायसनवरचा साहित्यिक, मोठ्यांसाठी कादंबरी लिहिली की लायसन पक्कं होणार, अशी समजूत घट्ट आहे. माझ्या लेखिकाबाईंकडे पुरस्कार होते, पण कादंबरी नव्हती. शेवटी त्या पूर्वी शिक्षिका होत्या हे कळल्यावर त्यांचं नाव मंजूर झालं.

त्यानंतर तारीख. शाळेबाहेरच्या माणसाला वाटतं, तारीख काय, कॅलेंडर काढायचं आणि बोट ठेवायचं. त्याने एकदा ठेवून पाहावं. सरकारने वाचनासाठी दिवस नेमून दिला आहे, १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. तो येतो प्रथम सत्र परीक्षेच्या हंगामात. त्या दिवशी मुलं वाचतात, अगदी जीव तोडून वाचतात, पण गाइड. १४ नोव्हेंबरचा बालदिन बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. ज्यांचा दिन ती बालकं मामाच्या गावाला आणि शाळेला कुलूप. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. लेखक बोलवायला याहून योग्य दिवस नाही, आणि नेमक्या याच कारणाने त्या दिवशी जिल्ह्यातला एकही लेखक मोकळा नसतो. शिवाय तोवर बोर्डाच्या परीक्षा आलेल्या असतात, आमची शाळा केंद्र असते आणि बाकांवर बैठक क्रमांक चिकटलेले असतात. जानेवारीत स्नेहसंमेलन, मग शिष्यवृत्तीची परीक्षा. जुलैत हॉल गळतो. वर्षाला चाळणी लावली की तळाशी डिसेंबरातला एखादा शनिवार उरतो, सकाळच्या शाळेचा. तोच आम्ही धरला.

बाईंना फोन केला. (लेखिकाबाईंचं नाव इथे मुद्दाम देत नाही. त्यांना पुन्हा बोलवायचं आहे आणि हा लेख त्यांच्या नावावर खपावा अशी इच्छा नाही.) त्या लगेच हो म्हणाल्या. फक्त तीन गोष्टी मागितल्या. मुलांनी त्यांचं एक तरी पुस्तक आधी वाचलेलं असावं. एका वेळी दोन वर्गांपेक्षा जास्त मुलं नसावीत, कारण त्यांना खाली सतरंजीवर मुलांत बसायचं होतं. आणि सत्कार करू नये.

या तिन्ही मागण्या मी सभेपुढे ठेवल्या आणि तिन्हींवर साधकबाधक चर्चा झाली. दोनच वर्ग म्हणजे हॉल रिकामा दिसणार, फोटोत तर फारच. म्हणून पाचवी ते आठवी सगळे, आणि त्यांना शिस्त लावायला नववी. सत्कार नाही? मग पाहुणे आले होते याला पुरावा काय? शाल-श्रीफळ ही संस्थेची परंपरा आहे, ती एका पाहुण्याच्या लहरीवर मोडता येणार नाही. पुस्तक वाचण्याबाबत मात्र सभेने एकमताने अनुकूलता दाखवली आणि ते काम "वेळ मिळाल्यास" माझ्यावर सोपवलं.

पुस्तक आणायचं कुठून? शिक्षण हक्क कायद्याने, २००९ च्या, प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं सांगितलं आहे, आणि त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत असाही उल्लेख आहे. आमच्याकडे ग्रंथालय आहे. ते ऑफिसाशेजारच्या खोलीत, दोन गोदरेजच्या कपाटांत आहे. कपाटांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात, पुस्तकांची दाखलनोंदवहीत, आणि किल्ली ज्यांच्याकडे चार्ज आहे त्यांच्या खणात. चार्ज असणाऱ्या शिक्षकाला एक गोष्ट पक्की माहीत असते: पुस्तक हरवलं तर भरपाई आपल्या खिशातून, आणि पुस्तक हरवू न देण्याचा खात्रीचा उपाय एकच, ते कोणाला न देणं. त्यामुळे आमची पुस्तकं अतिशय उत्तम स्थितीत आहेत. लेखा परीक्षणात त्याबद्दल समाधान व्यक्त झालेलं आहे. बालभारतीचा 'किशोर' १९७१ पासून निघतो, तोही शाळेत येतो. येतो तो हेडसरांच्या केबिनमधल्या टीपॉयवर, भेटायला आलेल्या पालकांसाठी. आमच्या गावात काही पालकांचं बालसाहित्याचं वाचन त्यांच्या मुलांपेक्षा चांगलं आहे ते यामुळेच.

बाईंचं पुस्तक अर्थातच कपाटात नव्हतं. त्यांना हे कसं कळलं ठाऊक नाही, पण बहुधा सगळ्याच शाळांत असंच असतं म्हणून सवयीने, त्यांनी स्वखर्चाने पाच प्रती एसटी पार्सलने पाठवून दिल्या. आता गंमत अशी, की प्रतींसोबत बिल नव्हतं, म्हणून त्या दाखल करता येईनात. दाखल नाहीत म्हणून कपाटात ठेवता येईनात. कपाटात नाहीत म्हणून रीतसर वाटता येईनात. निर्णय होईपर्यंत पार्सल ऑफिसबाहेर शिपाईमामांच्या स्टुलाजवळ, घंटेखालच्या टेबलावर पडून राहिलं. निर्णय अजून झालेला नाही.

खर्चाचा विषय हेडक्लार्क भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेबांनी फुलस्केपवर अंदाज काढला. फ्लेक्स, साउंड, हार, बुके, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पेढे, मंचावरच्यांसाठी नाष्टा, पाण्याच्या बाटल्या, फोटोग्राफर. साउंडवाल्याने जो आकडा सांगितला तो लिहिला. फ्लेक्सवाल्याने चौरस फुटाचा भाव सांगितला तो लिहिला. मानधनाच्या ओळीपाशी पेन थांबलं. सचिव म्हणाले, "साहित्यिक माणसं ही. त्यांना पैशाचं काय!" साउंडवाल्याबद्दल असं कोणीही म्हणालं नव्हतं. मी म्हटलं, निदान येण्याजाण्याचं तरी द्यायला हवं. भाऊसाहेबांनी मान्य केलं आणि दुरुस्ती सुचवली, की निम्मंच. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते पूर्ण दाखवलं तर ऑडिटला अडचण येते. पंचाहत्तरीच्या पुढची लेखिका मिळाली असती तर प्रवासखर्च शून्यावर आला असता, हेही त्यांनी खेदाने नोंदवलं. (शेवटी एक पाकीट ठरलं. किती, ते सांगण्यासारखं नाही. स्मृतिचिन्हापेक्षा कमी होतं एवढं खरं.) पुस्तकं या नावाची ओळ त्या फुलस्केपवर नव्हतीच.

'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून झाली असं सांगतात. आमच्या निमंत्रणपत्रिकेला त्याहून जास्त लागले. बाईंचं नाव कुठे टाकायचं यात वेळ गेला नाही, तो गेला बाकीच्यांच्या क्रमात. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती. यांतला फरक विचारू नये. तो ज्यांना कळतो त्यांना फार लागतो. फ्लेक्सवर सहा फोटो आले. देणगीदारांचा सर्वांत मोठा, त्याखाली सचिव, मग उतरत्या क्रमाने. बाईंचा फोटो फेसबुकवरून घेतलेला, कुठल्यातरी सहलीतला, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर कोणाचा तरी हात, धड कापून टाकल्यामुळे तो हात पोरका. मराठीच्या तीन शिक्षकांनी तपासूनही 'बालसाहित्यीक' दीर्घ राहिला. फ्लेक्सवाला म्हणाला, "सर, लांबून दिसत नाही."

मुलांची तयारी वेगळीच. पीटीच्या सरांनी टाळ्यांचा सराव घेतला, एक-दोन, एक-दोन-तीन. स्वागतगीताला पेटी-तबला. आणि प्रश्न. मुलांनी लेखिकेला प्रश्न विचारायचे, उत्स्फूर्तपणे, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं, म्हणून प्रश्न आठवडाभर आधी काढून चिठ्ठ्यांवर लिहून हुशार मुलांना वाटण्यात आले. "आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?" "लेखक होण्यासाठी विद्यार्थ्यांनी काय करावे?" "आपला आवडता लेखक कोणता?" प्रत्येकाच्या शेवटी "धन्यवाद." पाठ झालेत की नाही हे रोज प्रार्थनेनंतर तपासलं जायचं. एका मुलाला प्रेरणा पाठ होईना. तो दर वेळी "प्रेरणा कुठे मिळते" असं विचारायचा आणि आमच्या सातवीत प्रेरणा नावाची मुलगी असल्यामुळे हसं व्हायचं. त्याची चिठ्ठी काढून घेण्यात आली.

मुलं आपल्या मनाने काय विचारतील, ही धास्ती आम्हा शिक्षकांना खरोखर असते, आणि ती निष्कारण नाही. एका वर्गात मी मुद्दाम विचारून पाहिलं होतं. तुम्हाला पगार किती? कंटाळा आला तर काय करता, कारण आम्हाला निबंधाला येतो. पुस्तकात चित्रं तुम्हीच काढता का, आणि नसलात तर तुमचं नाव मोठं आणि त्यांचं छोटं का? हे सगळं परीक्षेला आहे का? यांतला एकही प्रश्न वाईट नव्हता. म्हणूनच एकही निवडला गेला नाही.

शनिवार उजाडला. शाळा साडेसातची, कार्यक्रम आठचा. बाई पावणेआठला हजर, उद्घाटक पावणेनऊला. तोवर मुलांनी दोनदा स्वागतगीत म्हटलं, एकदा सरावासाठी आणि एकदा चुकून वेगळीच गाडी फाटकात आली म्हणून.

दीपप्रज्वलन हा मराठी समारंभातला सर्वांत उत्कंठावर्धक भाग असतो. समई पितळी, उंच, पाच वाती. उद्घाटकांच्या हातात मेणबत्ती. वाती तेलात इतक्या बुडालेल्या, की त्या पेट घेईनात. पंखा बंद करा, पंखा बंद करा, असं तीन जण एकदम म्हणाले. पंख्याचं बटण पडद्याच्या मागे, पडद्यापुढे सोफा, सोफ्यावर देणगीदार. पंखा बंद झाला तोवर मेणबत्ती विझली होती. आगपेटी कोणाकडे असणार? शाळेत असते ती व्यसनमुक्तीची शपथ. शेवटी शिपाईमामा शांतपणे पुढे आले, खिशातून कापराच्या वड्या काढल्या, एकेक वातीच्या टोकाला ठेवली आणि काडी लावली. पाचही वाती भप्पकन पेटल्या. उद्घाटकांनी विझलेली मेणबत्ती पाचव्या वातीशेजारी धरून कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मुलांनी आपणहून टाळ्या वाजवल्या त्या पहिल्यांदा तेव्हा, आणि त्या मामांसाठी होत्या. पंखा पुन्हा चालू करायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, सत्काराला राहिलेल्यांचा सत्कार. सूत्रसंचालक सर दोन माणसांच्या मधल्या जागेत चारोळी बसवत होते. परिचयात बाईंच्या नावावर त्यांच्याच आडनावाच्या दुसऱ्या कोणाचे तरी दोन काव्यसंग्रह जमा झाले. त्या हसून गप्प बसल्या. सचिवांनी आमच्या वेळी चांदोबा कसा होता ते सांगितलं आणि आताची मुलं वाचत नाहीत म्हणून हळहळ व्यक्त केली. हळहळ बरीच लांबली. समोर पाचवी ते नववी, मांडी घालून, पंख्याविना, वाचत नसल्याबद्दल ऐकत होती. दहा वाजत आले. मागच्या शेडमधून पोषण आहाराच्या खिचडीचा वास हॉलमध्ये शिरला आणि तेव्हापासून सभेचं लक्ष मंचावर राहिलं नाही.

बाईंची पाळी आली तेव्हा त्या उठल्या, अंगावरची शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि सरळ मंचाच्या पायऱ्या उतरून खाली आल्या. साउंडवाला दचकला. माइकची वायर तिथवर पोहोचत नव्हती. त्याने वायर ओढली, माइक किंचाळला, बाईंनी माइक त्याच्याच हातात परत दिला आणि पहिल्या रांगेपुढे सतरंजीवर बसल्या. मागची पोरं ऐकू येईना म्हणून पुढे सरकली, त्यांच्या मागची आणखी पुढे. पीटीच्या सरांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवावी की नाही हे त्यांना ठरवता येईना. आमच्या हॉलमध्ये इतक्या दाटीने मुलं बसलेली मी सर्पमित्रानंतर पहिल्यांदाच पाहिली.

त्यांनी शेळीची गोष्ट वाचून दाखवली, पार्सलमधल्याच पुस्तकातली. मग प्रश्न. पहिले दोन ठरल्याप्रमाणे झाले, धन्यवादासकट. तिसऱ्याला ठरलेला मुलगा उठायच्या आत सातवी ब मधली एक मुलगी उभी राहिली. तिच्याकडे चिठ्ठी नव्हती. ती वाडीवरून येते आणि मुलींसाठीच्या मानव विकास बसची वाट बघत रोज संध्याकाळी ऑफिसबाहेर बसलेली असते, घंटेखालच्या टेबलाजवळ.

"मॅडम, पान चौदावर शेळीला तीन करडं होतात. पान एकतीसवर दोनच घरी येतात. तिसरं कुठं गेलं?"

पर्यवेक्षक अर्धे उठले. पाहुण्यांना असं विचारायचं नसतं, असं त्यांच्या भुवया म्हणत होत्या. बाईंनी पुस्तक उघडलं, चौदावं पान पाहिलं, एकतिसावं पाहिलं, पुन्हा चौदावं पाहिलं. "अगं खरंच की," त्या म्हणाल्या. "दुसरी आवृत्ती निघाली, कोणाच्याही लक्षात आलं नाही. काय झालं असेल त्याचं?"

मग हॉलमध्ये जे सुरू झालं त्याला कार्यक्रमपत्रिकेत नाव नव्हतं. कोल्ह्याने नेलं, असं पुढून कोणीतरी म्हणालं. कोल्हा नाही, आमच्याकडे बिबट्या येतो, असं मागून. एका मुलाने सांगितलं, बाजारात विकलं असेल, फी भरायची असेल. यावर बाई जरा वेळ त्याच्याकडेच पाहत राहिल्या. तेवढ्यात खिडकीकडून एक आवाज आला. हा मुलगा वर्गात तोंड उघडत नाही; त्याच्या घरी शेळ्या आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. तो म्हणाला, "शेळीला सडं दोनच असतात. तिसऱ्याला दूध पुरत नाही, त्याला घरी बाटलीनं पाजावं लागतं. ते चरायला गेलंच नसणार. मग परत कसं येईल?"

हॉल शांत झाला. पुस्तकातली चूक चूक राहिलीच नव्हती. बाईंनी पर्समधून वही काढली, त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "तिसऱ्या आवृत्तीत घालते. तिसऱ्याची गोष्ट." मग करडाला किती वेळा पाजतात, बाटली कसली, बूच कसं कापतात, हे त्या विचारू लागल्या आणि पोरं एकावर एक सांगू लागली. सगळ्यांना एकदम माहिती होती. निबंधाच्या तासाला यांतल्या कोणालाही शेळीबद्दल दहा ओळी सुचत नाहीत.

इथे सूत्रसंचालकांनी घड्याळ पाहिलं आणि वेळेअभावी प्रश्नोत्तरं आवरती घेत असल्याचं जाहीर केलं. आभारप्रदर्शन मात्र आवरतं झालं नाही. त्यात साउंडवाल्याचं नाव आलं, फ्लेक्सवाल्याचं आलं, पंख्याशिवाय शांत बसल्याबद्दल मुलांचंही आलं. पुस्तकाचं नाव राहून गेलं.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली: शाळेत बालसाहित्यिकांचे मार्गदर्शन. मंचावरच्या सगळ्यांची नावं होती, बाईंचं पाचवं. फोटोत समई होती. करडाचा उल्लेख नव्हता. अहवाल केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, त्याला अंगठे आले आणि उपक्रम यशस्वी झाला. स्मृतिचिन्ह बाई नेतात की काय अशी भाऊसाहेबांना शंका होती, ते त्यांनी नेलं. शाल खुर्चीवरच राहिली होती. भाऊसाहेबांनी ती घडी मोडू न देता पुढच्या पाहुण्यांसाठी कपाटात ठेवली आहे. ग्रंथालयाच्याच.

पाच प्रतींपैकी एक आठवीत आहे, एक वाडीवर गेली ती अजून आलेली नाही, उरलेल्या फिरत्या आहेत. त्या दाखलच झाल्या नसल्यामुळे त्या हरवल्या तरी भरपाई कोणाकडून घ्यायची हे ठरवता येत नाही, आणि म्हणूनच मामा त्या कोणालाही देतात. सहावीतली मुलं त्यांच्याकडे रोज विचारतात, दुसरं काही आलंय का. मामा म्हणतात, बघू.

पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात फ्लेक्सच्या वर पुस्तकांची एक ओळ घालावी, असं मी लेखी दिलं आहे. ते विचाराधीन आहे. तोवर आमच्या किंवा कुठल्याही शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेला काही द्यावं असं मनात आलं, की तुम्ही भिंतीवरचं घड्याळ देता, पंखा देता, कोणी स्टीलची पाण्याची टाकी देतं आणि त्यावर तांबड्या रंगात आईवडिलांचं नाव घालतं. घड्याळं आमच्याकडे भरपूर आहेत, त्यांतली दोन चालतातही. यंदा पुस्तकं द्या. एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती, एका वर्गाला एकदम पुरतील एवढ्या, आणि त्या लेखक यायच्या महिनाभर आधी. नाव घालायचं असलं तर आतल्या पानावर घाला. आणि कृपा करून बिल पाठवू नका.